४० टक्के जास्त म्हणजे नेमके किती?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी ३१ वर्षांचा आहे. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत विश्लेषक म्हणून काम करतो. काम आवडतं. तपासणीची नवी पद्धत बसवायची असली की आमच्या मॅडम ती माझ्यावर सोपवतात आणि मध्ये लुडबुड करत नाहीत. पगार मात्र मुंगीच्या पावलांनी वाढतो. आता प्रयोगशाळेची उपकरणं विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या विक्री विभागातून ऑफर आली आहे. पगार आजच्यापेक्षा ४० टक्के जास्त, पण त्यातला चौथा हिस्सा ‘व्हेरिएबल’, म्हणजे टार्गेट गाठलं तरच मिळणारा. आज मी आठ तास काम करतो, जायला-यायला मिळून एक तास लागतो. तिथले लोक सांगतात, दहा तास धरून चाल. जाण्यायेण्याला दीड तास लागेल. वर फिरती आहेच. घराच्या कर्जाचा हप्ता माझ्या पगाराचा एक तृतीयांश भाग खातो. पत्नीही नोकरी करते. चार महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवलेला आहे. वडील म्हणतात, ‘मिळतंय तर घे, आवडनिवड नंतर बघ.’ मित्र म्हणतो, ‘पैशासाठी आवडीचं काम सोडलंस तर पस्तावशील.’ दहा दिवसांत कळवायचं आहे. पगाराला किती वजन द्यावं?

उत्तर : तुमचे वडील आणि तुमचा मित्र ज्या आकड्यावरून वाद घालताहेत, तो आकडा आधी तपासू.

आजचा पगार १०० धरा. ऑफर १४० ची. तिचा चौथा हिस्सा, ३५, टार्गेटवर अवलंबून. तेव्हा नक्की मिळणारी रक्कम १०५. तुमच्या हातात पक्की वाढ आहे ती पाच टक्क्यांची, बाकीची पस्तीस टक्के अजून कमवायची आहे, आणि तीही अशा कामात जे तुम्ही आजवर केलेलं नाही.

आता तास बघा. आज नोकरी तुमचे दिवसाचे नऊ तास घेते, तिथे साडेअकरा घेईल. १०० ला नवाने भागलं की ११.१ येतात. १०५ ला साडेअकराने भागलं की ९.१. व्हेरिएबल अर्धं मिळालं तरी हा दर १०.७ च्या पुढे जात नाही. जवळजवळ दोन तृतीयांश व्हेरिएबल हाती पडलं, तेव्हा कुठे तुमचा तास आजच्याइतक्या किमतीला विकला जातो. सगळंच्या सगळं मिळालं तर १२.२, आजच्यापेक्षा साधारण दहा टक्के जास्त. फिरतीच्या रात्री यात धरलेल्या नाहीत, कर आणि प्रवासखर्चही नाही.

मी नोकरीची बरीच वर्षं पगारपत्रक विभागात घालवली. ऑफर लेटर हातात घेतलेली माणसं पाहिली की एक गोष्ट हमखास दिसायची : नजर सगळ्यात खालच्या, ठळक अक्षरांतल्या बेरजेवर जायची आणि तिथेच थांबायची. वरच्या ओळी कोणी वाचत नसे. मूळ पगार किती, भत्ते कोणते, कंपनी भरते म्हणून दाखवलेला विमा त्यात मोजलाय का, वर्षाअखेरीचा बोनस आत धरलाय की बाहेर. पॅकेज आणि महिन्याला बँकेत जमा होणारा पगार यांत केवढं अंतर असतं, ते पहिल्या सॅलरी स्लिपला कळायचं, आणि तोवर जुन्या जागी दुसरा माणूस बसलेला असायचा. म्हणून माझी पहिली विनंती ही की ऑफर लेटर शांतपणे, ओळीन् ओळ वाचा आणि दरमहा काय जमा होईल ते कंपनीकडून लेखी मागून घ्या. चांगली कंपनी ते देते.

आता मूळ प्रश्न. पगाराला किती वजन द्यायचं हे माणूस कुठे उभा आहे यावर ठरतं, आणि इथे मी तुमच्या मित्राशी सहमत नाही. हप्ता तासाच्या दराने भरता येत नाही, महिन्याच्या रकमेने भरावा लागतो. ज्याची महिनाअखेर उसनवारीवर निघते, ज्याच्या घरात आजारपण आहे, ज्याच्या डोक्यावर चढ्या व्याजाचं कर्ज आहे, त्याला मी वरचा भागाकार दाखवणारसुद्धा नाही. त्याने जिथे पक्का पगार जास्त तिथे जावं, काम थोडं रटाळ असलं तरी जावं. ‘पैसा म्हणजे सर्वस्व नाही’ हे वाक्य मला बहुतेक वेळा अशाच लोकांकडून ऐकायला मिळालं आहे, ज्यांचा महिना व्यवस्थित पार पडतो. ज्याचा पडत नाही त्याला ते ऐकवणं मला अन्यायाचं वाटतं.

पैसा आणि सुख यांवर झालेलं संशोधनही हेच सुचवतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काह्नेमन आणि अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी २०१० साली अमेरिकेतल्या माहितीवरून लिहिलं की वर्षाला ७५ हजार डॉलरच्या आसपास पोचल्यावर रोजच्या आनंदात उत्पन्नामुळे फारशी भर पडत नाही. हा निष्कर्ष जगभर पसरला आणि ‘पुढे पैशाचा उपयोग नाही’ असा त्याचा अर्थ लावला गेला. मग २०२१ साली मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना वेगळंच दिसलं : त्या आकड्याच्या पुढेही आनंद वाढतच होता. दोन्ही बाजूंनी एकत्र बसून माहिती पुन्हा तपासली आणि २०२३ साली संयुक्त निबंध काढला. बहुतेकांच्या बाबतीत आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो. जे मुळातच सगळ्यात दुःखी आहेत, त्या साधारण पाचव्या हिश्शाच्या बाबतीत तो एका मर्यादेनंतर थांबतो. मला यातली एक गोष्ट तुमच्यासाठी फार महत्त्वाची वाटते. हा आनंद रकमेच्या नव्हे, पटीच्या हिशेबाने वाढतो. उत्पन्न १०० चं २०० झाल्यावर जेवढा फरक पडतो, तेवढा पुन्हा पडायला २०० चे ४०० व्हावे लागतात. त्यामुळे तीच वाढ तळाशी असलेल्याचं आयुष्य पालटते आणि वर असलेल्याला जेमतेम जाणवते.

तुम्ही तळाशी नाही. हप्ता पगाराचा एक तृतीयांश हे ओझं आहे, पण घरात दुसरा पगार आहे आणि चार महिन्यांचा खर्च गाठीला आहे. तुम्हाला ही वाढ हवीशी वाटते आहे. तिच्यावाचून अडलेलं नाही. म्हणून तुम्हाला पुढचा प्रश्न विचारण्याची चैन परवडते : हे जास्तीचे पैसे ते कशाबद्दल देताहेत?

कुठलाही मालक जास्त पैसे उगीच देत नाही. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६ सालीच याची कारणं मांडली होती. काम अप्रिय असेल, शिकायला अवघड असेल, त्यात जोखमीची जबाबदारी असेल, यश अनिश्चित असेल किंवा काम सतत मिळण्याची खात्री नसेल, तर मजुरी चढते. त्याचं गवंड्याचं उदाहरण तुमच्या ऑफरला तंतोतंत लागू पडतं. कडाक्याच्या थंडीत आणि खराब हवेत गवंड्याला काम करता येत नाही, म्हणून कामाच्या दिवसांच्या मजुरीतून रिकाम्या दिवसांचं पोट तर भरायला हवंच, शिवाय त्या दिवसांतल्या काळजीचीही थोडी भरपाई व्हायला हवी, असं त्याने लिहिलं आहे. व्हेरिएबल पगार हा तोच प्रकार. काळजी तुमच्याकडे आली आहे आणि तिची किंमत आत धरलेली आहे. ती पुरेशी आहे का, एवढंच तुम्हाला ठरवायचं आहे.

त्यासाठी कंपनीला दोन गोष्टी विचारा. याच पदावरच्या लोकांना गेल्या दोन वर्षांत व्हेरिएबलपैकी सरासरी किती टक्के मिळालं? आणि ही जागा रिकामी का झाली? पहिल्याचं उत्तर आकड्यात आलं तर बरं. ‘मेहनत करणाऱ्याला भरपूर मिळतं’ असं आलं, तर मी व्हेरिएबल निम्मंच धरीन. शक्य असेल तर ती जागा सोडून गेलेल्या माणसाशी बोला. तो जे सांगेल ते कुठल्याही मुलाखतीत कळणार नाही.

आणि हो, पहिल्या वर्षी व्हेरिएबलची हमी मागा. विक्रीत नव्याने येणाऱ्याला ओळखी जमवायला, माल समजून घ्यायला वेळ लागतो, हे त्यांनाही ठाऊक असतं. पहिले सहा महिने किंवा वर्षभर ठराविक रक्कम नक्की देऊ, असं बऱ्याच कंपन्या मान्य करतात. न मागणाऱ्याला मात्र कोणी आपण होऊन देत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, ज्यावर तुम्ही स्वतः थांबला नाहीत : मॅडम काम सोपवतात आणि लुडबुड करत नाहीत. नोकरी सोडणाऱ्यांच्या अखेरच्या मुलाखती घेणं हेही माझ्या कामात होतं. फॉर्मवर ‘राजीनाम्याचं कारण’ या रकान्यात जवळजवळ सगळे ‘चांगला पगार’ असं लिहीत, कारण त्या कारणाने कोणी दुखावत नाही आणि पुढे शिफारस लागली तर अडचण येत नाही. फॉर्म बाजूला ठेवून चहा मागवला की मग खरं यायचं. दोन ओळींची ईमेलसुद्धा साहेबांना दाखवल्याशिवाय पाठवता येत नाही. रजा मागायला गेलं की चेहरा पाडतात. केलेलं काम दुसऱ्याच्या नावावर जातं. पगार हे त्यांचं दार उघडण्याचं निमित्त होतं, बाहेर पडायचं त्यांनी आधीच ठरवलेलं असायचं.

कामावर आपला ताबा असणं ही नुसती मनाला बरी वाटणारी गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये १९८५ पासून दहा हजारांहून जास्त सरकारी नोकरांचा अभ्यास सुरू झाला, मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली. ज्यांना आपलं काम कसं करायचं यात फारसा अधिकार नव्हता, त्यांच्यात पुढच्या वर्षांत हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. हे लोक उघड्यावर किंवा खाणीत राबणारे नव्हते, टेबल-खुर्चीवरचे होते. तुम्हाला आज जो अधिकार आहे, त्याला सॅलरी स्लिपवर रकाना नाही. म्हणून तो फुकट समजू नका.

तरीही तुमचे वडील एका बाबतीत बरोबर आहेत. मुंगीच्या पावलांची वाढ महागाईपेक्षा कमी असेल, तर तुमचा पगार वाढत नाहीये, दरवर्षी घटतो आहे. गेल्या काही वर्षांच्या सॅलरी स्लिपा काढा आणि त्या त्या वर्षीच्या महागाईच्या दराशेजारी तुमची वाढ लिहून बघा. ती खाली राहत असेल तर तुमची आवड प्रयोगशाळेला सवलतीच्या दरात मिळते आहे. हे चालू देऊ नये. आवड असलेल्या माणसाने कमी पैशात राबावं असा कुठलाही न्याय नाही, आणि अशी आवड काही वर्षांत कडवट होते.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगते. आज आहे त्या स्वरूपात ही ऑफर घेऊ नये. त्यांनी पक्का भाग १२५ च्या पुढे नेला किंवा पहिल्या वर्षाची हमी दिली, आणि तुम्हाला विक्रीचं काम, म्हणजे रोज नव्या माणसासमोर उभं राहणं आणि नकार पचवणं, मनापासून करून बघावंसं वाटत असेल, तर खुशाल जा. उपकरणांच्या पलीकडची बाजू माहीत असलेला विक्रेता दुर्मीळ असतो, तुम्ही तिथे नाव काढाल. तसं झालं नाही तर येत्या आठवड्यात मॅडमकडे वेळ मागा. ऑफर लेटर टेबलावर आपटू नका. धमकीने मिळालेली वाढ वरिष्ठांच्या मनात सलत राहते. तुम्ही बसवलेल्या पद्धती कोणत्या, त्यांमुळे किती काम वाढलं किंवा किती वेळ वाचला, हे एका कागदावर मांडा आणि ठराविक रक्कम मागा. नाही म्हणाल्या तर? पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा आणखीही असतात. तुम्ही गेले काही दिवस दोनच वाटा बघत आहात, कारण दहा दिवसांची मुदत तुम्हाला दोनच वाटा दाखवते आहे.

प्रश्न : आमच्या ऑफिसात नवीन रुजू झालेल्या सहकाऱ्याचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त आहे, हे चुकून कळलं. तिला काम मीच शिकवते आहे. काल-परवापर्यंत मी या नोकरीत समाधानी होते. आता सकाळी जावंसं वाटत नाही. माझा पगार तर तेवढाच आहे, मग मी एवढी कोत्या मनाची का झाले?

उत्तर : स्वतःला कोतं म्हणू नका. तुमच्या बाबतीत जे घडलं ते माणसाच्या स्वभावाला धरून आहे, आणि ते मोजलंही गेलं आहे. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या एका वर्तमानपत्राने सरकारी नोकरांचे पगार इंटरनेटवर टाकले. त्यात कॅलिफोर्निया विद्यापीठातले कर्मचारीही होते. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या काही जणांना, चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात तसं निवडून, या यादीची माहिती दिली आणि नंतर सगळ्यांना प्रश्न विचारले. आपल्या विभागातल्या मधल्या पगारापेक्षा ज्यांचा पगार कमी होता, त्यांचं कामातलं समाधान घसरलं आणि दुसरी नोकरी शोधण्याची इच्छा वाढली. ज्यांचा जास्त होता, त्यांच्यात फरक दिसला नाही. हा निबंध २०१२ साली छापून आला.

म्हणजे शेजारच्यापेक्षा जास्त मिळाल्याचा आनंद नगण्य आणि कमी मिळाल्याचं दुःख मोठं. पगार हा पोटापाण्याचा प्रश्न असतोच. त्याबरोबर ‘इथे मला काय लेखतात’ याचाही तो निरोप असतो. तो निरोप तुम्हाला चुकीच्या वाटेने आला, म्हणून जास्त लागला.

असं का होतं तेही सांगते, कारण पगारपत्रकात मी ते सतत पाहिलं आहे. नव्या माणसाला बाजारभावाने घ्यावं लागतं, नाहीतर तो येतच नाही. जुन्या माणसाचा पगार मात्र त्याच्या पहिल्या पगारावर टक्के चढवत वाढतो. बाजार भरभर चढला आणि टक्के तेवढेच राहिले की जुनी, जाणती माणसं नव्यांच्या खाली जातात. कोणी मुद्दाम ठरवलेलं नसतं. पण मागितल्याशिवाय कोणी दुरुस्तही करत नाही.

साहेबांकडे जाताना सहकारी मैत्रिणीचं नाव काढू नका. तिने काही चुकीचं केलेलं नाही, आणि बोलणं मग ‘तुम्हाला हे कुणी सांगितलं’ याच्यावर घसरतं. तुमच्या पदासाठी बाहेर आज काय मिळतं ते जाहिरातींतून आणि ओळखीच्यांकडून गोळा करा. नव्या माणसाला तयार करण्याचं काम तुम्ही करता हे मुद्दाम सांगा, ते तुमच्या कामाच्या यादीत बहुधा लिहिलेलंच नसेल. आणि इन्क्रिमेंटच्या महिन्याची वाट बघत बसू नका. बहुतेक ठिकाणी वाढीची एकूण रक्कम पत्रं वाटण्याच्या बऱ्याच आधी विभागांत वाटून टाकलेली असते. दोन-तीन महिने अगोदर बोललं तर साहेबांना वर मागता येतं.

तोवर त्या मुलीला काम नीट शिकवा. तिचा पगार तुमच्या खिशातून जात नाही.

प्रश्न : माझी पहिलीच नोकरी असणार आहे. मुलाखतीत पगार विचारला तर मी लोभी वाटेन का? कधी विचारावं?

उत्तर : अजिबात वाटणार नाही. फक्त ते पहिलं वाक्य नसावं. कामाबद्दल बोलणं झालं, त्यांना तुमच्यात रस आहे असं जाणवलं की सरळ विचारा, ‘या पदासाठी तुम्ही पगाराची मर्यादा काय ठरवली आहे?’ ती त्यांनी ठरवलेली असतेच. युरोपीय संघाने तर २०२३ साली नियमच केला की सुरुवातीच्या पगाराची किंवा त्याच्या मर्यादेची माहिती उमेदवाराला आधी मिळाली पाहिजे आणि त्याच्या आधीच्या पगाराची चौकशी मालकाने करू नये. सदस्य देशांना त्यासाठी जून २०२६ ची मुदत दिली. तेव्हा हा प्रश्न गैर मानण्याचे दिवस सरत चालले आहेत.

त्यांनी उलट तुम्हालाच ‘अपेक्षा किती?’ विचारलं, तर ‘तुम्ही द्याल ते’ असं म्हणू नका. पहिल्या पगारावर पुढची सगळी टक्केवारी चढते. दोघांना दरवर्षी सारखीच आठ टक्के वाढ मिळाली, तरी १०० वर सुरू झालेला नऊ वर्षांनी २०० वर पोचतो आणि ९० वर सुरू झालेला १८० वर. सुरुवातीचं दहाचं अंतर वीसचं होतं. पण पहिल्या नोकरीत मी पगाराइतकंच आणखी एका गोष्टीकडे बघेन : तुमचं काम रोज कोण तपासणार आहे? त्या व्यक्तीला मुलाखतीनंतर दहा मिनिटं भेटता येईल का, असं विचारा. आणि बाँड, म्हणजे ठराविक काळ नोकरी न सोडण्याचा करार, असेल तर किती महिन्यांचा, मोडला तर किती भरावे लागतील आणि प्रोबेशनमध्ये पगार पूर्ण की कापलेला, हे सही करण्याआधी वाचा.